वीसचा शिक्का

पेठकरांची मॉरिस, अडतीस सालची,
क्रँक मधोमध तुटला तेव्हापासून
साताऱ्यात गोडोलीला पत्र्याखाली उभी.
शोधतो, म्हटलं होतं मी.
शोधणं हाच धंदा माझा; दुकान नाही, पाटी नाही,
एक वही आणि ग्रीसचे डाग पडलेला फोन.

कोल्हापूरच्या भंगारात मिळाला तो वाकलेला.
इचलकरंजीत लांबी जुळली, मागची फ्लँज जुळेना.
कराडला नुसता चहा पिऊन आलो.
आणि शेवटी इथंच, सांगलीत,
मार्केट यार्डामागं, चौगुल्यांच्या वखारीत
हळद पॉलिशच्या ड्रमाला जुंपलेलं इंजिन.
गाडी कधीच मोडीत गेलेली.
हे मात्र एका जागी उभं राहून
पट्ट्यावर ड्रम फिरवत राहिलं
विजेची मोटर येईपर्यंत.
"न्या की," चौगुले म्हणाले,
"पण अख्खं न्यायचं. निम्मं ठेवायचं न्हाई."

मिरजेत अल्लाबक्ष शिकलगारांनी
तेलाच्या भोकात तार घातली
तर काळ्या गाळामागून पिवळं आलं.
"लग्नातनं उठून आलाय व्हय रं हा?"

मग साखळीला टांगला.
पलीकडं कुणीतरी सतारीची तार लावत होतं,
ते थांबेपर्यंत हातोडी हवेतच.
मग एकच टिचकी.
टण्
म्हणून निघालेला आवाज
पत्र्यापर्यंत जाऊन सावकाश उतरला.
चिरलेला क्रँक असा बोलत नाही,
तो मडक्यात खडा पडावा तसा गप होतो.
तरी कानावर विश्वास किती ठेवायचा.
रात्रभर रॉकेलात, सकाळी कोरडा पुसून
वरनं खडू फासला.
चीर असती तर ओली रेघ उमटली असती.
दुपारपर्यंत खडू पांढराच.

मायक्रोमीटर लावताना ते थबकले.
तिसरं जर्नल लंबगोल झालेलं, ते ठीक,
पण शेजारच्या भिंतीवर ठोकलेला
वीसचा आकडा,
आणि त्यापुढं कानशीनं घासून घरीच केलेल्या पंचचा
एक वाकडा अ.

चष्मा काढला. पुसला. परत बघितलं.
"सदुसष्ट साल," म्हणाले.
"उस्ताद जेवायला गेलते. मी सोळाचा."
कोपऱ्यात नख फिरवलं.
अडलं.

जर्नल जिथं भिंतीला भेटतं
तिथं गोलाई ठेवायची असते, ज्वारीच्या दाण्याएवढी.
पोरानं सरळ काटकोन पाडला होता.
लोखंड तिथंच तुटतं, कधीतरी, चढावर.
खंबाटकीत तुटलं असतं,
मागं पोरंबाळं, टपावर बोजा.
पण त्याआधीच गाडी गेली
आणि क्रँक हळदीला लागला:
एकच वेग, एकच ओझं,
त्या काटकोनाला कुणी घाई केली नाही.

पेठकरांचा फोन. झालं का?
साहेब, पी हळद अन् हो गोरी
असं नसतं हे, मी म्हटलं.
अल्लाबक्ष हसले नाहीत.
हिऱ्याचा ड्रेसर धरून
ते दगडाच्या कडेला वळण देत बसले होते,
थोडं घासायचं, गेज लावायचं,
परत थोडं.
अख्खी दुपार त्यातच गेली,
क्रँकला अजून हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तीसवर आणला.
चाळीसपर्यंत जाता येतं,
त्यापुढं क्रँक वजनावर विकतात.
"म्हणजे अजून एक डाव हाय," ते म्हणाले,
कुणाबद्दल ते मी विचारलं नाही.

बिलात ग्राइंडिंग लिहिलं.
व्हाइट मेटल ओतायचं, ते वेगळं लिहिलं.
कोपऱ्यांचं काहीच नाही.

"नख फिरव," म्हणाले.
मी सगळ्या कोपऱ्यांतून फिरवलं,
मग अंगठ्याचं.
तोवर त्यांनी वीसशेजारी तीस ठोकला
आणि पंचांचा डबा बंद केला.

अ? मी विचारलं.

"हाय की आधीचा.
पोरगं त्येच."